चित्रातली दुसरी मुलगी

१७७९च्या ऑगस्टमध्ये थॉमस हचिन्सन लंडनच्या उत्तरेला हॅम्पस्टेडजवळच्या केनवुड हाउसमध्ये जेवायला गेला. हा मॅसॅच्युसेट्सचा माजी गव्हर्नर. अमेरिकेतले वातावरण तापल्यावर १७७४ मध्ये इंग्लंडला आला तो परत गेलाच नाही. केनवुडचा मालक होता लॉर्ड मॅन्सफील्ड, इंग्लंडचा सरन्यायाधीश. जेवणे उरकल्यावर एक कृष्णवर्णी तरुणी आत आली आणि घरातल्या स्त्रियांजवळ बसली. कॉफीनंतर मंडळी बागेत फिरायला निघाली, तेव्हा तिचा आणि घरातल्या एका गोऱ्या मुलीचा हात एकमेकींत गुंफलेला होता. हचिन्सनला हे रुचले नाही. रोजनिशीत त्याने तिच्या केसांना नावे ठेवली, रूपाला नावे ठेवली, म्हातारा न्यायाधीश घडोघडी तिलाच हाक मारतो हेही टिपले. तिला डायडो म्हणतात आणि तेवढेच तिचे नाव असावे, असा अंदाजही त्याने लिहून ठेवला.

तिचे नाव एवढेच नव्हते. ती होती डायडो एलिझाबेथ बेल. हचिन्सनने ही नोंद केली त्याच सुमारास एक चित्रकार केनवुडच्या त्याच बागेत तिला आणि तिच्या नात्यातल्या बहिणीला एका तैलचित्रात बसवत होता. अठराव्या शतकातल्या युरोपीय चित्रकलेत या चित्राला जोड सापडणे कठीण. ते आज स्कॉटलंडमध्ये, पर्थजवळच्या स्कून पॅलेसमध्ये मॅन्सफील्ड घराण्याकडे आहे.

चित्रात उजवीकडे लेडी एलिझाबेथ मरे बसली आहे. गुलाबी पोशाख, त्यावर जाळीदार लेस, केसांत फुले, हातात उघडे पुस्तक. डावीकडे डायडो. तिच्या अंगावर हस्तिदंती रंगाचा सॅटिनचा झगा, खांद्यावरून वाऱ्याने उडणारी निळसर झिरझिरीत ओढणी, डोक्यावर फेटा आणि त्यात खोवलेले शहामृगाचे पीस, गळ्यात मोत्यांची माळ. एका हाताने तिने फळे सांभाळली आहेत, दुसऱ्या हाताचे बोट गालाला लावले आहे. ती कुठून तरी लगबगीने येते आहे किंवा कुठे तरी निघाली आहे. एलिझाबेथने हात लांब करून तिला धरले आहे. मागे झाडी, पाणी, आणि दूरवर लंडन शहरातल्या सेंट पॉल चर्चचा घुमट.

या चित्राचे मोल कळायचे तर त्याआधीची शंभर वर्षे पाहावी लागतात. इंग्लंड-फ्रान्समधल्या उमराव बायकांच्या चित्रांत काळे मूल असणे ही तेव्हाची रीतच होती. १६८२ मध्ये प्येर मिन्यारने रंगवलेल्या डचेस ऑफ पोर्ट्स्मथच्या चित्रात एक आफ्रिकी बालिका शिंपल्यातले मोती बाईसाहेबांपुढे धरून उभी आहे. तिची नजर मालकिणीकडे. अशी मुले चित्रांत फळांची तबके धरतात, कुत्र्यांना सांभाळतात; कित्येकांच्या गळ्यात चांदीचा पट्टा असतो. त्यांचे काम दोनच गोष्टी दाखवण्याचे: धन्याची श्रीमंती, आणि शेजारच्या काळ्या रंगामुळे उठून दिसणारा मालकिणीचा गोरेपणा. त्यांची नावे बहुधा कुणी लिहीत नसे.

केनवुडच्या चित्रात हा सगळा सरंजाम आहे. फळे आहेत, फेटा आहे, परदेशी वाटावा असा साज आहे. बसायची जागा आणि पुस्तक गोऱ्या मुलीच्या वाट्याला आले आहे. तरीही डायडो मालकिणीकडे पाहत नाही. ती थेट आपल्याकडे पाहते आणि हसते. दोघींची डोकी जवळजवळ एका उंचीवर आहेत, दोघींच्या गळ्यात मोती आहेत, आणि दोघींना जोडणारा हात स्पर्श करतो तो हुकुमाचा वाटत नाही. चित्रकाराने जुनी रीत पुरती मोडली नाही, पण तिच्या आत एक जिवंत, चपळ, स्वतःचे मन असलेली मुलगी उभी केली. पाहणाऱ्याची नजर आधी तिच्यावरच जाते.

ही मुलगी सरन्यायाधीशाच्या घरी कशी आली, याची कथा समुद्रावर सुरू होते. सर जॉन लिंडसे हा ब्रिटिश आरमारातला कप्तान, मॅन्सफील्डच्या बहिणीचा मुलगा. सप्तवार्षिक युद्धाच्या काळात तो वेस्ट इंडिजच्या समुद्रात 'ट्रेंट' या जहाजावर होता. तिथे मारिया बेल ही गुलामगिरीतली आफ्रिकी स्त्री त्याच्या सहवासात आली. हचिन्सनच्या कानावर आले होते ते असे, की ती एका पकडलेल्या स्पॅनिश जहाजावर सापडली. बंदिवान स्त्री आणि जहाजाचा कप्तान यांच्या नात्यात तिच्या मर्जीला किती जागा असणार, हे वेगळे सांगायला नको. १७६१ मध्ये मुलगी झाली. २० नोव्हेंबर १७६६ रोजी लंडनमधल्या ब्लूम्सबरीच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा ती पाच वर्षांची होती. नोंदवहीत आईचे नाव मारिया असे आहे. बापाच्या जागी लिंडसेचे नाव नाही.

मॅन्सफील्ड पती-पत्नींना मूल नव्हते. त्याच सुमारास दुसरी एक मुलगी त्यांच्या ओटीत आली. मॅन्सफील्डचा पुतण्या व्हायकाउंट स्टॉरमॉंट व्हिएन्नाला राजदूत होता. १७६६ मध्ये त्याची बायको वारली आणि त्याची लहानगी लेक एलिझाबेथ केनवुडला आली. एक पुतण्याची मुलगी, एक भाच्याची. नात्याने दोघी म्हाताऱ्याच्या नाती. बरोबरीच्या वयाच्या या दोघी एकाच घरात, एकाच छपराखाली वाढल्या. डायडो लिहा-वाचायला शिकली, तिचे अक्षर चांगले झाले. वयात आल्यावर दूधदुभत्याची आणि कोंबड्यांच्या खुराड्याची देखरेख तिच्याकडे आली. त्या काळच्या उमराव घरांत हे काम घरच्या लेकीसुनांचेच मानत. पुढे मॅन्सफील्ड थकल्यावर ती त्याची पत्रेही लिहून देऊ लागली. १७८६ मधल्या अशा एका पत्रात त्याने न्यायाधीश बुलरला कळवले आहे, की हे डायडोच्या हातचे आहे.

पण घरच्या हिशेबाच्या वहीत दोघींमधले अंतर स्पष्ट दिसते. डायडोला वर्षाकाठी साधारण ३० पौंड मिळत, एलिझाबेथला साधारण १०० पौंड. तीस पौंड ही घरातल्या नोकरांच्या पगारापेक्षा बरीच मोठी रक्कम होती, आणि तरी बहिणीच्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच. पाहुणे जेवायला आले की डायडो पंगतीला नसे. जेवणे झाल्यावर ती येऊन बसे. या घराने तिला जवळ घेतले, पण किती जवळ घ्यायचे याची रेषाही ठरवून ठेवली. ती रेषा वर्णाची होती की अनौरस जन्माची, हे वेगळे काढणे अवघड. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तिच्या वाट्याला दोन्ही आले होते.

डायडो दहा-अकरा वर्षांची असताना मॅन्सफील्डसमोर एक खटला उभा राहिला. जेम्स सॉमरसेट या आफ्रिकी माणसाला चार्ल्स स्ट्यूअर्ट या कस्टम्स अधिकाऱ्याने अमेरिकेतून इंग्लंडला आणले होते. १७७१ मध्ये तो पळाला, पकडला गेला आणि टेम्स नदीत उभ्या असलेल्या जहाजावर बेड्या घालून ठेवला गेला. जमैकाला नेऊन त्याला विकायचे ठरले होते. ग्रॅनव्हिल शार्प या गुलामगिरीविरोधाचा ध्यास घेतलेल्या माणसाच्या पाठबळाने त्याची सुटका मागणारा अर्ज न्यायालयात आला. वेस्ट इंडिजच्या मळेवाल्यांनी स्ट्यूअर्टच्या मागे पैसा उभा केला. इंग्लंडात तेव्हा चौदा-पंधरा हजार काळे लोक असल्याचे मॅन्सफील्डने हिशेबात धरले. माणशी ५० पौंड धरले, तरी धन्यांचे सात लाख पौंडांहून अधिक नुकसान. त्याने तडजोड सुचवली. ती झाली नाही, तेव्हा परिणाम काय व्हायचे ते होवोत, न्याय झाला पाहिजे, असे तो म्हणाला.

२२ जून १७७२ रोजी निकाल लागला. गुलामगिरी ही इतकी घृणास्पद गोष्ट आहे, की स्पष्ट कायद्याचा आधार असल्याशिवाय ती टिकू शकत नाही आणि इंग्लंडच्या कायद्यात तसा आधार नाही, असे न्यायालयाने म्हटले. सॉमरसेट मोकळा झाला. न्यायालयात जमलेल्या काळ्या स्त्री-पुरुषांनी न्यायाधीशांना वाकून अभिवादन केले. मॅन्सफील्डच्या घरात एक काळी मुलगी आहे आणि सारे घर तिच्या तालावर चालते, तेव्हा सॉमरसेट सुटणारच, असे जमैकाचा एक मळेवाला म्हणाल्याचे हचिन्सनने लिहून ठेवले आहे. मळेवाल्याने रागाच्या भरात अतिशयोक्ती केली असेल. पण ज्याच्या मांडीवर अशी नात खेळली, त्या माणसाला आफ्रिकी माणूस म्हणजे केवळ माल आहे असे मानणे जड गेले असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या सगळ्या काळात डायडोचा बाप कुठे होता? १७६९ मध्ये राजाच्या सरकारने सर जॉन लिंडसेला आरमारी तुकडी देऊन हिंदुस्थानात पाठवले. मुंबईला थांबून तो १७७० मध्ये मद्रासला पोहोचला. अर्काटचा नवाब महंमद अली याच्याकडे राजाचा वकील म्हणून त्याची नेमणूक होती, आणि त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासवाल्यांशी त्याचे जोरदार खटके उडाले. त्याच सुमारास थोरल्या माधवराव पेशव्यांच्या फौजा कर्नाटकात हैदर अलीचा पाठलाग करत होत्या. इंग्रजांनी मराठ्यांच्या बाजूने उभे राहावे, असा नवाबाचा आग्रह होता आणि लिंडसेचा त्याला पाठिंबा होता. मद्रासच्या कौन्सिलने तो मानला नाही. मराठ्यांच्या इतिहासात ओझरता येऊन जाणारा हा ब्रिटिश सरदार केनवुडच्या त्या मुलीचा बाप होता.

मारिया बेलचाही माग लागतो. फ्लॉरिडातल्या पेन्साकोला गावच्या १७७४च्या कागदपत्रांत लिंडसेने आपली तिथली जमीन तिच्या नावे केल्याची नोंद आहे. त्यात ती मुक्त स्त्री आहे असे म्हटले आहे. म्हणजे लेक केनवुडला वाढत असताना आई अटलांटिकच्या पलीकडे जाऊन राहिली. मुलीला उमराव घर मिळाले, त्याची ही किंमत आईने आणि मुलीने मिळून मोजली.

१७८३ मध्ये मॅन्सफील्डपुढे पुन्हा एक भयंकर प्रकरण आले. 'झाँग' हे लिव्हरपूलच्या ग्रेगसन मंडळींचे गुलामवाहू जहाज. १७८१च्या अखेरीस जमैकाच्या वाटेवर दिशा चुकल्यावर, पिण्याचे पाणी संपत आल्याचे कारण सांगून खलाशांनी १३०हून अधिक जिवंत आफ्रिकी माणसे समुद्रात फेकली. मालकांनी विम्याची हमी घेणाऱ्यांकडे माणशी ३० पौंडांची भरपाई मागितली. ज्युरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. कायद्याच्या लेखी हे प्रकरण घोडे समुद्रात टाकल्यासारखेच होते, असे मॅन्सफील्डला स्वतःच्या तोंडून म्हणावे लागले. पुढे पाऊस पडल्यावरही माणसे फेकल्याचे पुढे आले आणि त्याने फेरसुनावणीचा हुकूम दिला. खुनाचा खटला मात्र कधीच झाला नाही. माणशी ३० पौंड. केनवुडच्या वहीत डायडोच्या नावावर पडणारी वर्षाची रक्कमही साधारण तेवढीच होती. बावीस वर्षांची ही मुलगी आजोबांचे हे काम किती जाणत होती, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मॅन्सफील्डला स्वतःच्या निकालाची ताकद नेमकी ठाऊक होती. सॉमरसेट प्रकरणाने इंग्लंडातली गुलामगिरी संपली, असे लोक समजत. १७८५ मध्ये एका दुसऱ्या खटल्यात त्याने बजावले, की धन्याला गुलामाला जबरदस्तीने देशाबाहेर नेता येणार नाही, एवढेच त्या निकालाने ठरले होते. मजुरी मागण्याचा किंवा पूर्ण नागरिकाचा हक्क त्यातून आपोआप मिळत नव्हता. म्हणूनच १७८०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या त्याच्या मृत्युपत्रातले एक वाक्य फार मोठे आहे. डायडो एलिझाबेथ बेल हिचे स्वातंत्र्य मी कायम करतो, असे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. शिवाय तिला तहहयात वर्षाला १०० पौंड आणि पुढच्या पुरवण्यांनी आणखी ५०० पौंड रोख.

देशाचा सरन्यायाधीश, जगाच्या लेखी गुलामांना मोकळे करणारा माणूस, आपल्या घरात लेकीसारख्या वाढलेल्या मुलीचे स्वातंत्र्य कागदावर शाईने लिहून ठेवतो. का? कारण आपण डोळे मिटल्यावर कुणी तिच्या आईची जात-गोत काढून तिच्यावर हक्क सांगेल, अशी धास्ती त्याला असावी. आपण दिलेली माया आपल्याबरोबर संपेल, लिहून ठेवलेला शब्द मागे उरेल, हे आयुष्यभर कायदा जगलेल्या माणसाला बरोबर कळले होते.

१७८४ मध्ये लेडी मॅन्सफील्ड गेली, १७८५ मध्ये एलिझाबेथचे जॉर्ज फिंच-हॅटनशी लग्न होऊन ती सासरी गेली. १७८८ मध्ये लिंडसे वारला, तेव्हा लंडनच्या एका वृत्तपत्राने त्याच्या या मुलीच्या सुस्वभावाची आणि गुणांची वाखाणणी केली. मोठ्या घरात डायडो आता म्हाताऱ्याची सोबत करत राहिली. २० मार्च १७९३ रोजी वयाच्या ८८व्या वर्षी मॅन्सफील्ड गेला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला हॅनोव्हर स्क्वेअरच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये डायडोने जॉन डेव्हिनियर या फ्रेंच माणसाशी लग्न केले. तो कारभारी म्हणून नोकरी करणारा होता. पिम्लिको भागात त्यांनी संसार मांडला. १७९५ मध्ये चार्ल्स आणि जॉन ही जुळी मुले झाली, पुढे विल्यम. मृत्युपत्रातले वार्षिक शंभर पौंड या घराचा मोठा आधार होते.

१८०४च्या जुलैमध्ये डायडो गेली. वय अवघे ४३. बेजवॉटरच्या ज्या दफनभूमीत तिला पुरले, तिथे १९७०च्या दशकात इमारती उठल्या. चार्ल्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत अधिकारी झाला. आजोबा लिंडसे जिथे राजाचा वकील होता, त्याच मुलखात नातू आला. तिच्या वंशातला शेवटचा ज्ञात पुरुष १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वारला. वर्णभेदाच्या त्या राजवटीत सरकारदरबारी त्याची गणना गोऱ्यांत होत होती.

आणि चित्र? माणसे गेली, ओळख सांगणारे गेले, आणि चित्रातली दुसरी मुलगी हळूहळू नोकराणी झाली. १९०४च्या यादीत या चित्राची नोंद बागेत पुस्तक घेऊन बसलेली लेडी एलिझाबेथ आणि तिची काळी सेविका अशा अर्थाची आहे. मोत्यांची माळ तशीच होती, हसू तसेच होते, बहिणीचा हात तसाच होता. पण पाहणाऱ्यांना जुन्या रीतीची एवढी सवय झाली होती, की डोळ्यांसमोरचे त्यांना दिसले नाही. चित्रकाराने दिलेला मान एका शतकात पुसला गेला.

तो परत मिळाला तो कागदांमुळे. १९८०च्या दशकात जीन अॅडम्स यांनी केनवुडच्या हिशेबवह्या, मृत्युपत्रे आणि रोजनिशा एकमेकांशी ताडून पाहिल्या. १९८४ मध्ये कॅम्डेन भागाच्या स्थानिक इतिहासाला वाहिलेल्या नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि चित्रातल्या मुलीला तिचे नाव मिळाले. नंतर इतरांनी बाप्तिस्म्याची, लग्नाची, मुलांची नोंद शोधली. २०१३ मध्ये अमा असांते यांचा 'बेल' हा चित्रपट आला आणि हे नाव जगभर गेले. खुद्द चित्रकाराचे नावही असेच सापडले. हे काम पुष्कळ काळ योहान झोफनीचे मानले जाई. लखनौच्या कोंबड्यांच्या झुंजीच्या चित्रामुळे आपल्याला माहीत असलेला तोच झोफनी. २०१८ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी झालेल्या तपासणीनंतर ते डेव्हिड मार्टिन या स्कॉटिश चित्रकाराचे ठरले. बेंजामिन फ्रँकलिनचे १७६७ मधले प्रसिद्ध व्यक्तिचित्र याच मार्टिनचे.

डायडोच्या आयुष्याने मला पटवले ते हे, की माया आणि हक्क यांची गल्लत करू नये. केनवुडची माया खरी होती. चित्रातला हात खोटा नाही. पण त्या मायेच्या भरवशावर ती सुरक्षित नव्हती, आणि तिची आठवणही सुरक्षित राहिली नाही. तिला तारले ते मृत्युपत्रातल्या एका वाक्याने, आणि दोनशे वर्षांनी तिला ओळख दिली ती हिशेबाच्या वह्यांनी. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला आणि वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ मध्ये केला. तोवर लाखो माणसांच्या नशिबी धन्याची मर्जी एवढेच होते.

ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. त्याच शतकात आपल्याकडे कुणबिणी, म्हणजे गुलाम दासी, विकत घेतल्या जात, दिल्या-घेतल्या जात, आणि त्यांच्या किमती दप्तरात लिहिल्या जात. पेशवाईतल्या वाड्यांत त्यांनी दळणकांडण केले, पाणी भरले, मुले वाढवली. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीतल्या कागदांचे रुमालांत बांधलेले गठ्ठे आहेत, आणि त्या खरेदीच्या नोंदींत या बायकांची नावे आहेत. आपल्या संग्रहालयांतल्या चित्रांमध्ये पंखा धरून, तबक घेऊन उभ्या असलेल्या स्त्रियांपुढून आपण पुढे निघून जातो. मोडी शिकलेल्या तरुण अभ्यासकांनी या बायकांची आयुष्ये त्या कागदांतून एकेक करून बाहेर काढावीत, असे मला मनापासून वाटते. जीन अॅडम्स यांच्यापाशी फार मोठी साधने नव्हती. ही मुलगी कोण, असा साधा प्रश्न त्यांनी धरून ठेवला आणि उत्तर मिळेपर्यंत वह्या वाचल्या. तेवढी चिकाटी आपल्यालाही जमण्यासारखी आहे, आणि त्या बायकांचे तेवढे देणे आपण लागतो.